नगराची तिजोरी आणि नगरातील दारिद्र्य

दारिद्र्यनिवारण हे राज्यसरकारचे काम. नगरपालिकेने झाडलोट, दिवाबत्ती आणि नळ एवढेच पाहावे, अशी समजूत आपल्या सुशिक्षित वर्गात अद्यापि रूढ आहे. ती कितपत खरी आहे, हे इतिहासासच विचारून पाहण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

वडूज हे खटाव तालुक्याचे ठाणे. येरळेच्या काठी असूनही हा मुलूख अवर्षणाचा. पोटासाठी गाव सोडणे येथील माणसास नवे नाही. याच तालुक्यातील कटगुण हे महात्मा जोतीराव फुले यांच्या पूर्वजांचे गाव. ते घराणे पुढे पुण्यास गेले व फुलांच्या धंद्यावर तेथे स्थिरावले. नगर गरिबास पोटाला लावते, हे जोतीरावांच्या घरचेच उदाहरण होय. परंतु नगराचा कारभार त्याच गरिबाकडे वळून पाहतो काय? १८७६ पासून काही वर्षे जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते, आणि हाच प्रश्न ते तेथे विचारीत राहिले.

व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी पैसा मंजूर करण्याचा ठराव आला, तेव्हा त्यास एकट्या जोतीरावांनी विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावावा, असे त्यांचे म्हणणे होते. वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध १८८० साली त्यांनी नगरपालिकेस लिहिले. मोठ्या खर्चाची नवी मंडई बांधण्यासही त्यांचा विरोध होता. ती मंडई १८८६ साली रे मार्केट या नावाने उघडली, आणि पुढे तिला जोतीरावांचेच नाव मिळाले! मंडई व्यर्थ गेली, असे कोणी म्हणणार नाही. भाजी विकणाऱ्या कित्येकांचे पोट तिच्यावर चालले. पण जोतीरावांचा वाद इमारतीशी नव्हता, अग्रक्रमाशी होता. तिजोरी तोकडी असता पहिला रुपया कोणाचा, हा तो वाद. १८८२ साली हंटर आयोगापुढे बारा वर्षे वयापर्यंत सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागताना त्यांनी हेच सूत्र धरिले होते.

या सूत्रास कायद्याचा आधार मिळण्यास १९१८ साल उजाडले. विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांस प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार प्राप्त झाला. अधिकार आला, तशी पैशाची सबबही आली. पुण्यात सक्ती तूर्त मुलांपुरतीच ठेवावी, असा पक्ष निघाला. तेव्हा १९२० साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने स्त्रियांनी मिरवणूक काढून मुलींचाही हक्क मागितला. काटकसरीची वेळ आली म्हणजे पहिली कात्री दुबळ्याच्या वाट्यावर चालते, हा धडा या प्रसंगाने कायमचा शिकविला.

दुसरा धडा आमच्याच दक्षिण महाराष्ट्राचा आहे. तासगाव तालुक्यातील वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना त्याच भागात १९६५ च्या सुमारास प्रयोगरूपाने सुरू झाली, १९७२ च्या दुष्काळात राज्यभर कसोटीस लागली आणि २६ जानेवारी १९७९ पासून कायद्याने अमलात आली. तिचा खर्च भागविण्यासाठी १९७५ साली व्यवसायकर बसला. त्याचा मोठा भार नगरांतील पगारदार व व्यापारी यांनी वाहिला. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून कापलेला रुपया असा दुष्काळी मुलखातील खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीस आला. यात भिक्षा नव्हती. कामाचा हक्क होता.

७४ व्या घटनादुरुस्तीने, म्हणजे १९९३ पासून, नागरी दारिद्र्यनिवारण हा विषय घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नोंदला गेला. जोतीराव ज्यासाठी एकाकी भांडले, ते आता नगरपालिकेच्या कामांच्या यादीत आहे. मात्र यादीत नाव आले म्हणून तिजोरीत पैसा येत नाही. वडुजासारख्या गावी आज नगरपंचायत आहे. तिच्या हाती मोठे कारखाने काढणे नाही. परंतु गरीब वस्तीस आधी पाणी देणे, शाळेत येणाऱ्या पोरास आजारापासून राखणे, बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या बाईस हक्काची जागा देणे, आणि गटारे उपसणाऱ्या सफाई कामगारास वेळेवर पुरते वेतन देणे, हे तिच्या आवाक्यातील आहे. पाण्यासाठी जिची सकाळ मोडते, तिची त्या दिवसाची मजुरीही मोडते, हे ध्यानी घेतले म्हणजे नळ हेदेखील दारिद्र्यनिवारणच ठरते.

आपण घरपट्टी भरतो आणि आपल्या दारापुढचा रस्ता मागतो. ते गैर नाही. पण अर्थसंकल्पाची सभा भरते, तेव्हा त्यात गरिबाचा रुपया कितवा, असे विचारणारा एक तरी सभासद तेथे असावा, आणि तो एकटा पडू नये, एवढे पाहणे आपल्या हाती आहे.