गृहकर्ज अधिकाऱ्याचे पहिले वर्ष : नायगाव परिसरातून

- खास प्रतिनिधी

कर्ज काढून घर घेणे ही मुंबईत आज इतकी सरावाची गोष्ट झाली आहे, की ही प्रथा किती अलीकडची आहे याचा सहसा विसर पडतो. हसमुखभाई पारेख यांनी १९७७ साली एचडीएफसीची स्थापना केली, तोवर सामान्य पगारदाराला घरासाठी आधार होता तो भविष्य निर्वाह निधी, सहकारी संस्था आणि घरातील सोने यांचाच. पुढे १९८८ मध्ये राष्ट्रीय गृहनिर्माण बँक आली, १९८९ मध्ये एलआयसी हाऊसिंग फायनान्स आली, नव्वदच्या दशकानंतर व्यापारी बँकाही या क्षेत्रात हिरिरीने उतरल्या. जुलै २०२३ मध्ये तर एचडीएफसी ही मूळ संस्थाच एचडीएफसी बँकेत विलीन झाली. या वाटचालीत एक नवा पेशा उभा राहिला. तो म्हणजे गृहकर्ज अधिकाऱ्याचा.

दरवर्षी अनेक पदवीधर तरुण या नोकरीत शिरतात. त्यातील बऱ्याच जणांची समजूत अशी असते, की मुंबईत घराला मागणी कधीच कमी नसते, तेव्हा ग्राहक आपोआप येतील आणि पहिल्या महिन्यापासून प्रोत्साहन भत्ता सुरू होईल. ही समजूत उतरायला फार दिवस लागत नाहीत. नायगावसारखा विभाग वाट्याला आला, तर ती आणखी लवकर उतरते; कारण येथे प्रश्न ग्राहक मिळण्याचा नसून, ग्राहकाने पसंत केलेले घर तारण ठेवता येण्याजोगे आहे की नाही, हा असतो.

नायगाव कोणते?

चौकशीचा फोन आला की पहिला प्रश्न हाच विचारावा. एक नायगाव दादर पूर्व आणि परळ-भोईवाड्याला लागून असलेले, दुसरे पश्चिम रेल्वेवरील वसई तालुक्यातले. यात विनोद वाटला, तरी व्यवहाराचा भाग मोठा आहे. दादरच्या नायगावात वाढलेल्या मुलाला संसारासाठी परवडणारे घर पुष्कळदा त्या दुसऱ्या नायगावात किंवा त्याच्याही पुढे सापडते. ग्राहक येथला आणि मालमत्ता चाळीस-पन्नास किलोमीटरवरची, अशी प्रकरणे नव्या अधिकाऱ्याच्या हाती हटकून येतात. त्यांची कागदपत्रे दुसऱ्या दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातली, मूल्यांकन करणारा अभियंता तिकडचा, आणि वेळ त्या मानाने अधिक.

घर आहे, पण तारण आहे का?

दादर-नायगावच्या एकाच रस्त्यावर चार इमारती असल्या, तर त्यांचा कायदा चार तऱ्हेचा असू शकतो. नव्या अधिकाऱ्याने व्याजदराचे तक्ते पाठ करण्याआधी हा फरक समजून घ्यावा, असे आवर्जून सांगावेसे वाटते.

सर्वांत ठळक उदाहरण बीडीडी चाळींचे. १९२० साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने या चाळी बांधल्या. नायगावात त्या ४२, आणि त्यांतील गाळे ३,३४४. सुमारे १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे मालकी हक्काचे घर विनामूल्य देण्याची पुनर्विकास योजना म्हाडामार्फत राबविली जात आहे. वरळीच्या चाळींतील ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये अशा घरांच्या चाव्या मिळाल्या. येथे नवखा अधिकारी हिशेब मांडतो, की तीन हजारांवर घरे म्हणजे तीन हजारांवर ग्राहक. परंतु जे घर विनामूल्य मिळते, त्यासाठी खरेदीचे कर्ज लागत नाही. मिळालेले घर पुढे तारण ठेवता येईल का, हे वाटपपत्रातील आणि करारातील हस्तांतरणाच्या अटी वाचूनच ठरते. या चाळींतून खरा ग्राहक निघतो तो वेगळा : थोरल्या भावाला खोली गेली आणि धाकट्याला स्वतंत्र घर हवे आहे, असा.

दुसरा प्रकार पागडीचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याने पागडीच्या देवघेवीला कायद्याची मुभा दिली. त्यामुळे पागडीचा व्यवहार बेकायदा नाही, हे खरे. मात्र पागडीने मिळतो तो भाडेकरूचा हक्क. मालकी घरमालकाचीच राहते. मालकीच नसल्याने बँकेला नेहमीच्या पद्धतीने तारण घेता येत नाही आणि बहुतेक बँका अशा खोलीसाठी गृहकर्ज देत नाहीत. नायगाव, परळ, लालबाग, गिरगाव या साऱ्या पट्ट्यात हा नकार वारंवार द्यावा लागतो. तो पहिल्या भेटीतच दिला पाहिजे. गाववाल्याच्या ओळखीने खोली ठरली, टोकन म्हणून दोन-तीन लाख रुपये देऊन झाले आणि मग बँकेत चौकशी केली, हा येथला नेहमीचा क्रम आहे. अधिकाऱ्याने ‘बघू, फाइल टाकून पाहू’ असे म्हटले, की ते कुटुंब आणखी महिनाभर आशेवर राहते. तोवर उरलेल्या रकमेची तारीख येते आणि टोकन बुडण्याची पाळी येते. फाइल टाकण्याचे शुल्क जाते ते निराळेच.

तिसरा प्रकार उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाचा. मूळ भाडेकरूला नव्या इमारतीत ठरावीक क्षेत्र विनामूल्य मिळते आणि जादा क्षेत्र हवे असल्यास विकासकाला पैसे द्यावे लागतात. त्या जादा क्षेत्रासाठी कर्जाचा विचार होऊ शकतो. मात्र कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार नोंदणीकृत असला पाहिजे. विकासकाच्या लेटरहेडवरील पत्र म्हणजे करार नव्हे. प्रकल्पातील विक्रीची घरे मे २०१७ पासून महारेराच्या कक्षेत आली असल्याने त्यांची नोंदणी, मंजूर आराखडे, पूर्णत्वाची तारीख महारेराच्या संकेतस्थळावर पाहता येते. ते पाहण्याची सवय पहिल्या आठवड्यापासून लावून घ्यावी.

राहता राहिली जुन्या सहकारी संस्थांमधील पुनर्विक्रीची घरे. तेथे आधीच्या प्रत्येक खरेदीचा नोंदणीकृत करार, भागपत्र, सोसायटीचा ना-हरकत दाखला आणि इंडेक्स टू हे कागद लागतात. १९७५-८० च्या सुमाराच्या खरेदीचा मधलाच एखादा करार हरवलेला निघाला, की व्यवहार अडतो. इमारतीचे उरलेले आयुष्य किती, यावर कर्जाची मुदतही बेतली जाते. ग्राहक पस्तिशीचा असला, तरी इमारत साठीची आहे, हे विसरून चालत नाही.

गिरणी कामगारांच्या घरांचा विषय वेगळा आणि हळवा. जानेवारी १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. पुढे त्यांच्या जमिनीवर कामगारांसाठी घरे बांधण्यात आली. १ मार्च २०२० रोजी बॉम्बे डाईंग, नायगाव-वडाळ्याची स्प्रिंग मिल आणि श्रीनिवास मिल येथील ३,८९४ घरांची सोडत निघाली. किंमत साडेनऊ लाख रुपये. मुंबईच्या मानाने ही रक्कम किरकोळ. तरीही सोडतीत नाव लागलेला कामगार साठी-सत्तरी ओलांडलेला असतो किंवा हयातच नसतो. अशा वेळी कर्ज उभे राहते ते मुलाच्या किंवा मुलीच्या उत्पन्नावर, त्यांना सहकर्जदार करून. त्याआधी वारसांमधील संमती कागदावर आली पाहिजे. आणि ती आणणे बँकेच्या हाती नसते.

हिशेब पहिल्या भेटीत

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांसाठी ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के अशी कमाल मर्यादा आहे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क या किमतीत धरले जात नाही. अपवाद दहा लाखांपर्यंतच्या घरांचा. हा नियम ग्राहकाला आकड्यांनीच समजतो.

समजा, घर १ कोटी २० लाखांचे आहे. कर्ज जास्तीत जास्त ९० लाख. स्वतःचे ३० लाख. मुंबईत मुद्रांक शुल्क ६ टक्के, म्हणजे ७ लाख २० हजार. नोंदणी शुल्क ३० हजार. एकूण साडेसदतीस लाख रुपये ग्राहकाच्या हाती हवेत; दलाली, सोसायटीचे हस्तांतरण शुल्क आणि सामान हलविण्याचा खर्च धरलेला नाही. घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, येथे ती १ लाख २० हजारांची. पतीचे नाव जोडले, की सवलत जाते. घर ५० लाख किंवा त्याहून अधिक किमतीचे असेल, तर विक्रेत्याला पैसे देताना एक टक्का कर कापून भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते, हेही बहुतेकांना ठाऊक नसते.

हप्त्याचे गणित असेच उघड करावे. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी ५० लाखांचा मासिक हप्ता सुमारे ४३,३९१ रुपये येतो. पहिल्या हप्त्यातील ३५ हजारांहून अधिक रक्कम व्याजात जाते आणि मुद्दल आठ हजारांच्या आतच फिटते. वरील ९० लाखांचा हप्ता ७८ हजारांच्या घरात जातो. सर्व हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या आसपास असावेत, असा सर्वसाधारण संकेत धरला, तर घरात दीड लाखाहून अधिक उत्पन्न हवे. हे ऐकून ग्राहक उठून गेला, तर जाऊ द्यावा. तो लहान घर ठरवून पुन्हा येतो.

पगारपत्रकात काय दिसते

परिसरात महापालिका कर्मचारी, पोलीस, केईएम आणि टाटा रुग्णालयातील कर्मचारी मोठ्या संख्येने आहेत. उत्पन्न खात्रीचे, नोकरी टिकाऊ. अडचण असते ती पतपेढीची. पतपेढीचे कर्ज सिबिलच्या अहवालात अनेकदा दिसत नाही. पगारातील कपातीत मात्र दिसते. नवा अधिकारी ७८० गुणांकावर खूश होतो आणि पत तपासणारा वरिष्ठ मात्र पगारपत्रकातील कपात पाहून कर्जाची रक्कम निम्मी करतो. लालबाग-परळच्या बाजारपेठेतला मसाल्याचा व्यापारी, खानावळ चालविणारी गृहिणी, टॅक्सीमालक यांचे उत्पन्न चांगले असले, तरी विवरणपत्रात कमी दाखविलेले असते. दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे मागितली, की संभाषण थंडावते. विवरणपत्र मागील तारखेने भरून मिळत नाही. पुढील दोन वर्षे नीट भरा, असे सांगण्यापलीकडे उपाय नाही. करारात एक किंमत आणि रोखीत दुसरी, असा प्रस्ताव आल्यास त्यात पडू नये. बँक कर्ज देते ते करारातील किमतीवर.

कमाई केव्हा?

फाइल दाखल झाली, की आधी पत तपासणी, नोकरीच्या ठिकाणी आणि घरी प्रत्यक्ष चौकशी, मग मंजुरीपत्र. त्यानंतर वकिलाचा शोध अहवाल, साधारणतः तीस वर्षांच्या मालकीचा, अभियंत्याचे मूल्यांकन, आणि अखेरीस वितरण. प्रोत्साहन भत्ता बहुतेक ठिकाणी वितरणावर मोजला जातो, मंजुरीवर नव्हे. जुन्या मुंबईतल्या मालमत्तेत मंजुरी ते वितरण हेच अंतर सर्वांत लांबते. म्हणून पहिले तीन-चार महिने निश्चित वेतनावर भागवावे लागेल, असे धरून चालावे. बांधकामाधीन प्रकल्पात रक्कम टप्प्याटप्प्याने दिली जाते, तेव्हा मोठ्या कर्जाचा आकडाही एकदम पदरात पडत नाही.

या काळात उद्दिष्टाचा दबाव येतो आणि तो बहुधा विम्याच्या रूपाने येतो. कर्जासोबत विमा घेणे कायद्याने बंधनकारक नाही. घेतला तर कुटुंबाला आधार होतो, हेही खरे. पण एकरकमी हप्ता कर्जातच मिळवून ‘हे घ्यावेच लागते’ असे सांगणे ही फसवणूक आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांसाठी मुख्य बाबींचे विवरणपत्र देणे सक्तीचे झाले असून, त्यात सर्व आकारांसह कर्जाचा वार्षिक खर्च दाखवावा लागतो. तोंडी सांगितलेला दर आणि या कागदावरील दर यांत तफावत दिसली, की ग्राहक थेट अधिकाऱ्याचे नाव घेतो. नायगावात मंडळाच्या कट्ट्यावर ही बातमी पोहोचायला एक संध्याकाळ पुरते.

प्रवेश कसा?

कोणत्याही शाखेची पदवी बहुतेक खासगी संस्थांना पुरते. सार्वजनिक बँकांत आयबीपीएस किंवा स्टेट बँकेच्या स्वतंत्र परीक्षेतून जावे लागते आणि तेथे गृहकर्ज हा कामाचा एक भाग असतो. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्सच्या परीक्षा बढतीसाठी उपयोगी पडतात. थेट विक्री प्रतिनिधी म्हणून सुरुवात करणाऱ्यांना निश्चित वेतन असेलच असे नाही, हे नियुक्तीपत्र घेताना विचारून घ्यावे. मराठी उत्तम हवेच. जुने करार वाचता येणे ही त्याहून दुर्मीळ आणि म्हणून अधिक मोलाची पात्रता.

वितरणानंतरचे फोन

धनादेश दिला म्हणजे संबंध संपला, असे होत नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला, तेव्हा अनेकांची मुदत न विचारता वाढली होती. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने हप्ता वाढवावा की मुदत, याचा पर्याय कर्जदाराला देणे बंधनकारक केले. २०२५ मध्ये दर उतरले, तेव्हा फोन आले ते उलट प्रश्नाचे : शेजाऱ्याचा हप्ता कमी झाला, माझा का नाही? बँकांची तरत्या व्याजदराची गृहकर्जे ऑक्टोबर २०१९ पासून बाह्य दराशी जोडलेली आहेत. गृहवित्त कंपन्यांवर तशी सक्ती नाही. त्यामुळे दोघांच्या दरांत एकाच वेळी फरक पडत नाही. तरत्या दराचे वैयक्तिक गृहकर्ज मुदतीपूर्वी फेडल्यास दंड आकारता येत नाही, हेही अशा वेळी सांगून टाकावे. कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागदपत्रे तीस दिवसांत परत करावी लागतात; उशीर संस्थेमुळे झाल्यास १ डिसेंबर २०२३ पासून दररोज पाच हजार रुपये भरपाईची तरतूद आहे. वीस वर्षांपूर्वी कोणते कागद जमा झाले होते, याची यादी फाइल दाखल करतानाच दोन प्रतींत करून एक ग्राहकाला सहीनिशी द्यावी.