काही हजारांचे पिस्तूल

मी पिस्तुलाची नेमबाजी करतो असे यवतमाळात कुणाला सहज सांगितले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: लायसन कसे मिळाले? एअर पिस्तूल आहे, त्याला लायसन लागत नाही, असे उत्तर दिले की समोरच्याचा चेहरा उतरतो आणि दुसरा प्रश्न येतो: मग त्यात काय राम? पहिल्या प्रश्नात धाक आहे, दुसऱ्यात तुच्छता. दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे. पिस्तूल हे एक तर लाखोंचे परदेशी हत्यार असते, नाहीतर गुंडाच्या कमरेला खोचलेले. मधे जे काही हजारांत मिळते ते जत्रेत फुगे फोडणाऱ्या बंदुकीचे भावंड. त्यावर नेम शिकता येत नाही, त्याचा छंद म्हणजे पैशाची नासाडी. ही समजूत मला साफ चुकीची वाटते, आणि तिच्यामुळे आपल्या जिल्ह्यातल्या पोरांचे नुकसान होते आहे असे माझे म्हणणे आहे.

आधी पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडला पाहिजे, कारण तो पोकळ नाही. या देशात नेमबाजी राजवाड्यांतून आली. बिकानेरचे महाराजा करणीसिंह पाच ऑलिंपिक खेळले. २००८ मध्ये बीजिंगला सुवर्णपदक जिंकणाऱ्या अभिनव बिंद्राच्या घरी स्वतःची रेंज होती. स्पर्धेत दिसणारी मोरिनी, स्टायर, पार्डिनी ही परदेशी एअर पिस्तुले आपल्याकडे दीड-दोन लाखांच्या पुढेच पडतात. कापसाच्या भावावर घर चालवणाऱ्या माणसाने हे आकडे ऐकून मुलाचा हात धरून मागे ओढला, तर त्याला दोष कोण देईल?

पण राजेरजवाड्यांच्या हाती हा खेळ गेला तो हत्याराच्या किमतीमुळे नव्हे, परवान्यामुळे. १८७८च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी हिंदी माणसाला निःशस्त्र केले. युरोपियनांना त्यातून सूट होती. इतरांना परवाना हवा, आणि तो सरकारदरबारी वजन असलेल्यालाच मिळायचा. बंदूक घरात असणे हीच प्रतिष्ठेची खूण झाली ती तेव्हापासून. ती खूण १९५९च्या कायद्यानंतरही पुसली गेली नाही. आजही तालुक्याच्या गावात परवाना मिळवण्याची धडपड चालते ती बहुतेक वेळा चारचौघांत पट्ट्याला पिस्तूल दिसावे म्हणून. नेम धरण्यासाठी ती क्वचितच असते. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये ‘निर्भीक’ हे हलके .३२ रिव्हॉल्व्हर काढले, तेव्हा त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. असल्या हत्याराने कुणी रविवारची सकाळ कागदावर नेम धरण्यात घालवत नाही. काडतुसांचा खर्च, त्यांचा हिशोब आणि गोळी झाडायला कायदेशीर जागा, या तीन गोष्टी त्याला आड येतात. ते कपाटात राहते आणि लग्नाच्या वरातीत बाहेर निघते. अशा हर्षगोळीबारासाठी २०१९च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड ठेवला आहे. बरे झाले.

दुसरीकडे पाहा. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष कोणी संस्थानिक नव्हते. ते होते गणेश वासुदेव मावळंकर: पेशाने अहमदाबादचे वकील, घराणे मूळचे रत्नागिरीकडले, लोकसभेचे पहिले सभापती. त्यांच्या नावाची अखिल भारतीय मावळंकर स्पर्धा ही आजही राष्ट्रीय स्पर्धेकडे जाण्याची वाट मानली जाते. स्वतंत्र देशात या खेळाचा पाया एका मध्यमवर्गीय मराठी माणसाच्या अध्यक्षतेखाली घातला गेला, ही गोष्ट आपल्याच लोकांना ठाऊक नसावी, याचे मला वाईट वाटते.

आता कायदा. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार .१७७ इंचापर्यंतची, म्हणजे साडेचार मिलिमीटर नळीची आणि २० ज्यूलच्या आतल्या ताकदीची हवेची शस्त्रे परवान्यातून वगळलेली आहेत. दहा मीटर एअर पिस्तुलाचा छर्रा सुमारे अर्ध्या ग्रॅमचा असतो आणि सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास वेगाने निघतो. गणित करा: साडेपाच ज्यूलच्या जवळपास. मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी. दुकानदार ओळखपत्राची प्रत घेतो आणि पिस्तूल देतो. यात चोरीचे, लपवण्याचे काही नाही.

लोक हसतात ते मात्र दुसऱ्या मुद्द्यावर, आणि मला तिथेच थांबायचे आहे. स्वस्त पिस्तूल नेम चुकवते, म्हणून त्यावर शिकणे व्यर्थ, असे जाणकार म्हणवणारेही सांगतात. हे तपासून पाहू. समजा नवशिक्याचे दहा छर्रे कागदावर पंधरा सेंटिमीटरच्या घेरात पसरतात. समजा पिस्तूल इतके सामान्य आहे की शिकंज्यात घट्ट आवळून झाडले तरी त्याचे छर्रे तीन सेंटिमीटरमध्ये पसरतात. दोन चुका एकमेकींपासून स्वतंत्र असल्या की त्यांची सरळ बेरीज होत नाही. दोघींचे वर्ग करायचे, ते मिळवायचे आणि वर्गमूळ काढायचे. २२५ अधिक ९ म्हणजे २३४, त्याचे वर्गमूळ १५.३. स्वस्त पिस्तुलाने या माणसाचे नुकसान केले ते अवघे तीन मिलिमीटर. उरलेला पंधरा सेंटिमीटरचा पसारा त्याच्या मनगटाचा, श्वासाचा आणि बोटाचा आहे. दोन लाखांचे पिस्तूल हाती दिले तरी तो पसारा तसाच राहील.

का राहील, तेही सांगतो. पिस्तुलाच्या पुढच्या टोकाला माशी असते आणि मागे खाच. दोघींमधले अंतर सुमारे तीस सेंटिमीटर धरा. माशी खाचेच्या मधोमध न राहता एका बाजूला एक मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरवर छर्रा ३३ मिलिमीटर बाजूला जातो. चांदावरचे, म्हणजे निशाणाच्या कागदावरचे, दहाचे वर्तुळ अवघे साडेअकरा मिलिमीटर व्यासाचे आहे. ३३ मिलिमीटर म्हणजे सहाच्या वर्तुळात. उलट, माशी आणि खाच जुळलेल्याच राहिल्या आणि सगळा हात पाच मिलिमीटर हलला, तर छर्राही पाचच मिलिमीटर हलतो. म्हणजे हात थरथरण्याची नवशिक्याला जी भीती वाटते ती किरकोळ आहे. खरा घात होतो घोडा झटक्याने ओढताना माशी वाकडी होण्यात. नजर चांदावर न ठेवता माशीवर ठेवायची आणि घोडा इतक्या सावकाश दाबायचा की तो कधी सुटला हे आपल्यालाही कळू नये. एवढे साधायला मला जवळजवळ दोन वर्षे लागली. या दोन्ही गोष्टी स्वस्त पिस्तूल पूर्णपणे शिकवते. किंबहुना स्प्रिंगचे पिस्तूल अधिक कडक शिकवते, कारण छर्रा नळीतून बाहेर पडेपर्यंत स्प्रिंगचा धक्का हाताला जाणवतो आणि पकड जरा सैल असली तर कागदावर लगेच चहाडी होते.

प्रतिपक्षाला जे देणे आहे ते देतो. स्वस्त पिस्तुलाचा घोडा जड असतो. स्पर्धेच्या नियमात तो किमान ५०० ग्रॅमचा हवा आणि चांगल्या पिस्तुलात तो नेमका तेवढ्यावर आणता येतो. आपल्याकडच्या साध्या पिस्तुलात त्याला दीड-दोन किलोचा दाब लागतो. हा खरा दोष आहे. शिवाय नेमबाजाचा स्वतःचा पसारा तीन सेंटिमीटरवर आला की वरचे गणित उलटते. तेव्हा पिस्तूल आणि माणूस मिळून सव्वाचार सेंटिमीटर होतात आणि हत्यार आडवे येऊ लागते. त्या दिवशी चांगले पिस्तूल मागावे, क्लबचे वापरावे. पण त्या दिवसापर्यंत किती जण पोहोचतात? आणि छंद म्हणून आठवड्यातून एकदा चाळीस छर्रे झाडणाऱ्याला तिथे पोहोचण्याची घाई तरी कशाला?

महागड्याची खात्री तरी कुठे असते? टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचे पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडले. मौल्यवान मिनिटे गेली आणि ती दोन गुणांनी अंतिम फेरीला मुकली. पॅरिसमध्ये तिनेच दोन कांस्यपदके आणली. दोन्ही वेळा हात तोच होता.

स्वस्तात आणि कच्च्या जागेत नेमबाजी उभी राहते, याचे सर्वांत मोठे उदाहरण उत्तर प्रदेशात बागपत जिल्ह्यातल्या जोहरी गावात आहे. उसाच्या शेतांतले गाव. तिथल्या साध्या रेंजवर चंद्रो तोमर नातीला घेऊन गेल्या आणि साठी उलटल्यावर स्वतःच पिस्तूल शिकल्या. घरात कुणाला कळू नये म्हणून त्या पाण्याने भरलेला जग हात लांब करून धरत आणि खांदा तयार करत. त्यांच्या जाऊबाई प्रकाशी तोमरही त्याच वाटेने गेल्या. जोहरीत राजवाडा नव्हता, होते ते गावच्या माणसांनी चालवलेले क्लब. आपल्या राज्यात राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या शिक्षकाचा मुलगा स्वप्निल कुसाळे राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी त्याने पॅरिसमध्ये रायफलचे कांस्य जिंकले. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई खेळांत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्ण घेतले. नेमबाजीत ते मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. पदकांची यादी वाढवण्यात मला रस नाही. पदक न मिळवणारा माणूसही या खेळातून शांत झोप घेऊन घरी जातो, आणि मला तेवढे पुरेसे वाटते.

उरला धोक्याचा आक्षेप, आणि तो सर्वांत गंभीर आहे. एअरगनने पाखरे मरतात. अरुणाचल प्रदेशात २०२१ मध्ये लोकांनी एअरगन स्वेच्छेने सरकारजमा करावी म्हणून मोहीम निघाली, ती उगीच नव्हे. आपल्या जिल्ह्यातही होले, तित्तर, हरियाल यांच्यावर छर्रा झाडणारे हात आहेत. हरियाल तर राज्यपक्षी. हा गुन्हाच आहे आणि १९७२च्या वन्यजीव कायद्याने तो शिक्षेला पात्र आहे. रोही आणि रानडुकरे पीक फस्त करतात, शेतकरी रात्ररात्र जागल करतो, ते दुःख मला कळते. पण एअर पिस्तूल त्याच्यावरचा उपाय नाही. असा वापर क्रूर आहे आणि निरुपयोगीही. बोराटीच्या जंगलात २ नोव्हेंबर २०१८ला अवनी वाघीण गोळी घालून मारली गेली. त्या रात्रीपासून या जिल्ह्यात बंदूक म्हटले की तीच आठवण येते. म्हणूनच कागदावरचा नेम आणि जिवावरचा नेम यांत भेद करायला मुलांना लवकर शिकवले पाहिजे. तो भेद रेंजवर शिकवला जातो: नळी कायम चांदाकडे, छर्रा भरण्याआधी बोट घोड्याबाहेर, पुढे माणूस गेला तर सगळ्यांची पिस्तुले टेबलावर, डोळ्यांना चष्मा, नंतर शिशाचे हात साबणाने धुणे. घरी लपवून ठेवलेल्या एअरगनला यातले काहीच कुणी शिकवत नाही.

आणि देशी कट्ट्याला स्वस्त पिस्तूल म्हणू नका. पाण्याच्या नळाच्या तुकड्यातून काढलेली ती नळी आतून गुळगुळीत असते. गोळीला फिरकी देणाऱ्या आट्या तिच्यात नसतात, त्यामुळे तिला नेम नावाची गोष्ट नाही. कधी ती झाडणाऱ्याच्याच हातात फुटते. साध्या पण चांगल्या एअर पिस्तुलाच्या नळीत आट्या असतात. घ्यायचेच असेल तर शिशाच्या छऱ्यांचे, आट्यांच्या नळीचे घ्या. गोल पोलादी छऱ्यांचे, दिसायला चित्रपटातल्यासारखे मिळते ते घेऊ नका. त्याचे छर्रे उसळी खाऊन डोळ्यावर येतात.

शालेय रायफल शूटिंगमध्ये ओपन साईट आणि पीप साईटच्या जोडीला एअर पिस्तुलाचाही गट असतो. एनसीसीचे कॅडेट पॉइंट टू टूच्या मोजक्या गोळ्या झाडून येतात आणि वर्षभर त्याच आठवणीवर राहतात. त्यांना रोज झाडायला मिळेल असे काही जवळ हवे. त्यासाठी दहा मीटर, म्हणजे तेहतीस फूट मोकळी लांबी लागते, मागे भक्कम भिंत लागते, छर्रे अडवायला तिरपा लोखंडी पत्रा लागतो आणि काही हजारांची दोन पिस्तुले लागतात. जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. मुख्याध्यापकांनो, उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेचा व्हरांडा एकदा टेप लावून मोजा, आणि तेहतीस फूट भरला तर जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे एक अर्ज लिहा.