पद्मपूरचा भवभूती आणि नायकाचा मित्र

१/ संस्कृत नाटकात नायकाच्या शेजारी विदूषक असणे हा जणू नियमच होता. हा नियम मोडणाऱ्या नाटककाराचे मूळ गाव जुन्या भंडारा जिल्ह्यात होते, असे इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी दाखवून दिले. तो नाटककार म्हणजे भवभूती. विदूषकाच्या जागी त्याने जो मित्र उभा केला, त्याचे नाव मकरंद. नायकाच्या सावलीत राहूनही स्वतःच्या बळावर लढणाऱ्या या सोबत्याची ही कथा.

२/ प्रथम नाटककाराविषयी. भवभूतीचा काळ इसवी सनाच्या आठव्या शतकाचा पूर्वार्ध. बाराव्या शतकात ‘राजतरंगिणी’ लिहिणारा कल्हण त्याला कनौजचा राजा यशोवर्मन याच्या आश्रयातील कवी म्हणतो. यशोवर्मनाचा दुसरा कवी वाक्पतिराज यानेही आपल्या ‘गउडवहो’ या प्राकृत काव्यात भवभूतीचे ऋण आदराने मान्य केले आहे. ‘महावीरचरित’, ‘मालतीमाधव’ आणि ‘उत्तररामचरित’ ही त्याची तीन नाटके आज उपलब्ध आहेत.

३/ स्वतःविषयी मौन बाळगणाऱ्या प्राचीन कवींमध्ये भवभूती वेगळा ठरतो. नाटकांच्या प्रस्तावनेत तो आपले कुळ सांगतो. दक्षिणापथातील पद्मपूर हे मूळ गाव, तैत्तिरीय शाखेचे काश्यपगोत्री घराणे, आजोबा भट्टगोपाल, वडील नीलकंठ, आई जातुकर्णी आणि गुरू ज्ञाननिधी. हे पद्मपूर नेमके कोठे, हा प्रश्न मात्र दीर्घकाळ अनुत्तरित होता.

४/ उत्तर शोधताना एक ताम्रपट उपयोगी पडला. छत्तीसगडमध्ये वाकाटकांच्या एका दानपत्राचा अपुरा भाग सापडला होता आणि त्यात पद्मपूरचे नाव होते. त्यावरून मिराशी यांनी हे स्थळ आमगावजवळचे पदमपूर असल्याचे प्रतिपादन केले. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि आमगाव त्या जिल्ह्यात गेले.

५/ आता विदूषकाकडे वळू. भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’त त्याचे रूप ठरवून दिलेले आहे. ठेंगणा, दंतुर, कुबडा, टकला, पिंगट डोळ्यांचा. जातीने तो ब्राह्मण, पण बोलतो संस्कृतऐवजी प्राकृत. नायकाला गंभीर राहता यावे म्हणून हास्याचा सारा भार त्याच्या खांद्यावर असतो. हा नायकाचा मित्र खरा, परंतु बरोबरीचा नव्हे.

६/ ही असमानता कालिदासाच्या ‘शाकुंतला’त स्पष्ट दिसते. दुष्यंत आपले मन विदूषक माधव्यापाशी मोकळे करतो. पण त्याला राजधानीला धाडताना मात्र, गुपित फुटेल या भीतीने, ‘ती सारी थट्टा होती’ असे सांगून मोकळा होतो. भोळा माधव्य विश्वास ठेवतो. पुढे शकुंतला ओळख पटवण्यासाठी दरबारात येते, तेव्हा राजाला सावध करू शकला असता असा हा एकमेव सोबती तेथे नसतो.

७/ शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तील मैत्रेय याहून थोर आहे. चारुदत्त दरिद्री झाल्यावर इतर सारे पाठ फिरवतात, हा मात्र राहतो. तरीही ऐन न्यायसभेत शकाराशी झालेल्या झटापटीत वसंतसेनेचे दागिने त्याच्याच जवळून खाली पडतात आणि मित्रावरील खोटा आरोप खरा वाटू लागतो. निष्ठा अपार, पण कर्तृत्व उलटे फिरणारे. सोबत्याने याहून अधिक काही करावे, अशी अपेक्षा तोवरच्या रंगभूमीची नव्हती.

८/ ती अपेक्षा ‘मालतीमाधव’ या दहा अंकी प्रकरणात निर्माण झाली. विदर्भातील कुंडिनपूरच्या अमात्याचा मुलगा माधव तर्कविद्या शिकण्यासाठी पद्मावती नगरीत येतो. कुंडिनपूर म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यातील कौंडिण्यपूर. पद्मावती म्हणजे ग्वाल्हेरकडील पवाया. शिक्षणासाठी परमुलखात गेलेल्या या वैदर्भीय तरुणाचा बालमित्र म्हणजे मकरंद.

९/ माधवाचे प्रेम पद्मावतीच्या अमात्याच्या मुलीवर, मालतीवर, जडते. परंतु तेथील राजाला ती नंदनाला द्यायची असते. नंदन कोण? तर राजाचा नर्मसुहृद, म्हणजे थट्टामस्करीतला मर्जीतला सोबती. येथे भवभूतीची योजना ध्यानात येते. सोबती दोघांनाही आहेत. राजाच्या सोबत्यापाशी सत्ता आहे, परदेशी विद्यार्थ्याच्या सोबत्यापाशी मैत्रीखेरीज काहीच नाही.

१०/ पहिल्याच अंकात माधव आपले मन मकरंदापाशी उघडे करतो आणि ते गुपित पुढे कधीही मागे घेत नाही. मकरंद संस्कृतात बोलतो, मित्राला सल्ला देतो, समजावतो. भाषा नायकाचीच असल्याने प्रेक्षकाला तो नायकाच्या पातळीवरचा वाटतो. दुष्यंत आणि माधव्य यांच्यातील अंतर येथे उरलेलेच नाही.

११/ तिसऱ्या अंकात एक वाघ सुटतो आणि नंदनाच्या बहिणीवर, मदयंतिकेवर, झेप घेतो. तिला वाचवायला पुढे होतो तो मकरंद. वाघ मरतो, मकरंद रक्तबंबाळ होऊन कोसळतो. त्याची ती अवस्था पाहून नायक माधवही मूर्च्छित होतो. चौथ्या अंकाच्या आरंभी दोघे मित्र निश्चेष्ट पडलेले असतात आणि मैत्रिणी त्यांना सावरत असतात. शौर्य सोबत्याचे आणि मूर्च्छा नायकाची, अशी ही अदलाबदल आहे.

१२/ या नाटकातील जग अद्भुत शक्तींनी भरलेले आहे. पाचव्या अंकात स्मशान आहे, पिशाचे आहेत, चामुंडेपुढे मालतीचा बळी द्यायला निघालेला कापालिक अघोरघंट आहे. त्याची शिष्या कपालकुंडला आकाशमार्गाने संचार करते. श्रीपर्वतावर सिद्धी मिळवलेली सौदामिनीही तशीच. अशा जगात मकरंदापाशी ना मंत्र, ना सिद्धी, ना राजाश्रय.

१३/ तरीही कथा पुढे सरकते ती त्याच्या धाडसामुळे. कामंदकी या वृद्ध बौद्ध भिक्षुणीची योजना अशी की, लग्नाच्या दिवशी मालतीची वस्त्रे आणि अलंकार मकरंदाने घालावेत. तो वधू होऊन नंदनाच्या घरी जातो आणि इकडे खरी मालती माधवाची होते. डाव उघडा पडला तर प्राण जाणार, हे त्याला ठाऊक आहे. तरीही तो मागे सरत नाही.

१४/ सातव्या अंकात कळते की, नव्या ‘वधू’कडून नंदनाची चांगलीच हेटाळणी झाली आणि तो संतापून निघून गेला. भवभूतीला विनोद जमत नव्हता म्हणून त्याने विदूषक गाळला, असे म्हटले जाते. हा प्रसंग त्या मताला छेद देतो. नाटकात हसू आहे, पण त्याची दिशा पालटली आहे. गरीब सोबत्याकडे पाहून हसणारा प्रेक्षक येथे सत्तेच्या लाडक्याकडे पाहून हसतो.

१५/ त्याच रात्री भावजयीची कानउघाडणी करायला आलेल्या मदयंतिकेला वधूच्या जागी मकरंद आढळतो. वाघापासून वाचवणाऱ्या या तरुणावर तिचे मन आधीच जडलेले असते. ती त्याच्याबरोबर निघते. वाटेत नगररक्षक गाठतात. मकरंद स्त्रियांना पुढे धाडतो आणि एकटा झुंजू लागतो. माधव मदतीला येतो. दोघांचा पराक्रम पाहून खुद्द राजा प्रसन्न होतो आणि त्यांना मोकळे करतो.

१६/ पण सूड टपलेला असतो. कपालकुंडला मालतीला पळवून नेते. नवव्या अंकात विंध्याच्या रानात माधव शोकाने भ्रमिष्ट होऊन भटकतो आणि अखेर कोसळतो. तो गेला, असे समजून मकरंद कड्यावरून उडी घेण्यास सिद्ध होतो. सौदामिनी ऐनवेळी येऊन त्याला थांबवते, कारण मालतीला तिने वाचवलेले असते.

१७/ उडी घेण्यापूर्वीची मकरंदाची इच्छा लक्षणीय आहे. पुढच्या जन्मीही या मित्राच्या मागून चालणारा व्हावे, एवढेच तो मागतो. वाघ मारणारा, रक्षकांना रोखणारा हा तरुण स्वतःला अखेरपर्यंत अनुचरच मानतो. भवभूतीने त्याला कर्तृत्व दिले, स्वतंत्र प्रेमकथा दिली, पण नाटकाचे नाव दिले नाही. ते मालतीचे आणि माधवाचेच राहिले. सोबत्याच्या भूमिकेतील ही वेदना आजही सुटलेली नाही.

१८/ ती किती टिकाऊ आहे, हे पाहायला बाराशे वर्षे ओलांडून जपानमध्ये जावे लागेल. ३ एप्रिल १९७१ रोजी तेथे ‘कामेन रायडर’ ही दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. चित्रकथाकार शोतारो इशिनोमोरी यांची ही निर्मिती. दुष्ट संघटनेने शरीरात फेरफार केलेला तरुण तिच्याच विरुद्ध उभा ठाकतो, हे तिचे सूत्र. मालिका ९८ भाग चालली आणि जपानी महानायकांची एक परंपराच तिने सुरू केली.

१९/ आरंभीच संकट आले. चित्रीकरणात मोटारसायकलला अपघात होऊन नायक हिरोशी फुजिओका यांचा पाय मोडला. मालिका थांबवता येत नव्हती. ११व्या भागात ताकी काझुया हा नवा सोबती आला, तर १४व्या भागापासून दुसरा रायडर. ताकी तपास यंत्रणेचा अधिकारी, पण शरीराने साधा माणूस. रूप पालटण्याची शक्ती नसताना तो केवळ मुठींच्या बळावर शत्रूच्या सैनिकांशी भिडतो. नायक बदलले, तरी ताकी राहिला.

२०/ भवभूती आणि जपानी मालिका यांच्यात थेट धागा नाही. साम्य आहे ते रचनेच्या गरजेत. नायकापाशी असामान्य शक्ती आली किंवा त्याच्या भोवतीचे जग असामान्य झाले की, प्रेक्षकाला आपल्यासारखा एक माणूस लागतो. ज्याला जखम होते आणि जो तरीही पुढे जातो, असा. शक्तिमानाचा विजय अपेक्षितच असतो. धैर्याची खरी परीक्षा शक्ती नसलेल्याची होते. मकरंद आणि ताकी ही परीक्षा देतात.

२१/ विदूषक गेल्याने काही हरवलेही. तो प्राकृत बोलणारा, भूक आणि भीती उघड कबूल करणारा, राजालाही टोचून बोलणारा होता. मकरंद देखणा, कुलीन आणि संस्कृतज्ञ आहे. सोबत्याला प्रतिष्ठा मिळाली, पण सामान्यांच्या बोलीतला तो मोकळा आवाज भवभूतीच्या रंगमंचावरून नाहीसा झाला.

२२/ तो आवाज याच भूमीत दुसऱ्या रंगमंचावर ऐकू येतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते आणि दंडार, खडी गंमत, रात्रभर चालणारी नाटके रंगतात. तेथे हसवणाऱ्या नटाला मोठा मान असतो. झाडीपट्टीतील पाच हजारांहून अधिक प्रयोगांत आठशे निरनिराळ्या भूमिका केलेले नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

२३/ भवभूतीच्या वाट्याला मात्र त्याच्या काळात टीकाही आली असावी. ‘मालतीमाधवा’च्या प्रस्तावनेत तो निंदकांना उत्तर देतो आणि आपल्याला समजून घेणारा कोणी समानधर्मा पुढे केव्हातरी, कोठेतरी जन्माला येईल, असा विश्वास व्यक्त करतो. मकरंदासारखा मित्र रंगमंचावर आणणाऱ्या कवीला स्वतःसाठीही तसाच सोबती हवा होता.

२४/ असे सोबती त्याला पुढे मिळत गेले. १८७६ मध्ये रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी मुंबई संस्कृत ग्रंथमालेत ‘मालतीमाधव’ संपादून प्रसिद्ध केले. मिराशी यांनी त्याच्या गावाचा माग काढला. आमगावच्या महाविद्यालयाला आज भवभूतीचे नाव आहे. कुंडिनपूरहून परगावी शिकायला गेलेल्या माधवाच्या आणि त्याच्या मित्राच्या वयाचेच विद्यार्थी तेथे शिकतात.