नकोशा आवाजांची गोष्ट

अकॉर्डियन मूळचं मेक्सिकोचं नाही. एकोणिसाव्या शतकात टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोत स्थायिक झालेल्या जर्मन, झेक लोकांबरोबर ते आलं, आणि पोल्काही आला. तिथल्या लोकांनी त्याला बाहो सेक्स्तो या बारा तारांच्या, खर्जातल्या गिटारची जोड दिली. त्यातून तयार झालं 'नॉर्तेन्यो', म्हणजे उत्तरेकडचं संगीत. ट्यूबा आणि दणदणीत ढोलाची 'बांदा' आली सिनालोआतून.

आता गंमत बघा. अमेरिकेच्या सीमेला चिकटलेल्या तिहुआनातल्या, सिंथेसायझरवर वाढलेल्या पोरांना हे संगीत नकोसं होतं. ते कँटीनातलं, टॅक्सीतलं, गावाकडून आलेल्यांचं. थोडक्यात, गावठी!

1999 मध्ये त्यांच्यातल्याच पेपे मॉग्तने स्थानिक स्टुडिओंमधून अशा गाण्यांच्या उरल्यासुरल्या ध्वनिफिती मिळवल्या आणि मित्रांना वाटल्या. रामोन आमेस्कुआ ऊर्फ बॉस्टिच याने ढोल आणि ट्यूबाचे तुकडे टेक्नोच्या ठेक्यावर बसवून 'पोलारिस' केलं. नॉर्तेन्यो आणि टेक्नो मिळून झालं 'नॉर्तेक'. 2001 मध्ये 'द तिहुआना सेशन्स, व्हॉल्यूम 1' आला, 2005 मध्ये व्हॉल्यूम 3. व्हॉल्यूम 2 कधी आलाच नाही.

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आपल्याकडचा वरातीचा बँड आठवला. वरातीत बेभान नाचायचं आणि एरवी त्याला संगीत म्हणायलाही लाजायचं, हे आपल्याला नवं नाही. पेटीचंच घ्या ना. तीही अकॉर्डियनसारखी पत्तीचीच, तीही युरोपातली. रेडिओने 1940 मध्ये तिला परकी ठरवून बंदी घातली, पण भजनी मंडळांनी तिला कधी सोडलं नाही.

म्हणजे एखादं वाद्य 'आपलं' कशाने होतं? जन्मस्थानाने नाही, वापराने. पण मग दुसरा प्रश्न उरतो, आणि तो मला जास्त टोचतो. त्या उरलेल्या फितींवर वाजवणारे कोण होते? ज्यांच्या वाजवण्याला पोरं हसायची, त्यांचेच तुकडे पुढे जगभरच्या क्लबांत गाजले. पुढे नॉर्तेकवाल्यांनी अकॉर्डियन आणि ट्यूबा वाजवणारे प्रत्यक्ष मंचावर आणले. मला त्यांच्या कामात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. आवाज आवडला, तर वाजवणाऱ्यालाही शेजारी जागा द्यावी. नाहीतर आपली लाज तेवढी संपते, त्याची उपेक्षा तशीच राहते.