खाडीकाठचे गाव आणि रहस्यकथा

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्यप्रदेश राज्य झाले, राजधानी भोपाळला आली आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरकडची कितीतरी मराठी कुटुंबे सरकारी नोकरीच्या निमित्ताने इथे बिऱ्हाड घेऊन आली. सुट्टीत महाराष्ट्रातून येणाऱ्या पाहुण्यांच्या सामानात लाडू-चिवड्याबरोबर भडक मुखपृष्ठांच्या छोट्या रहस्यकथाही असत. आम्ही मुले त्या वडीलधाऱ्यांपासून लपवून वाचत असू. वडीलधारेही त्या आमच्यापासून लपवूनच वाचत, हे फार उशिरा कळले!

त्या पुस्तकांवरचे सर्वांत मोठे नाव बाबूराव अर्नाळकर. १९०६ साली जन्मलेल्या चंद्रकांत सखाराम चव्हाण यांनी या नावाने हजारावर रहस्यकथा लिहिल्या. अर्नाळा हे विरारजवळचे, किल्ल्याचे आणि कोळ्यांचे गाव. पण नावात समुद्रकाठ मिरवणाऱ्या या लेखकाचे झुंजार आणि काळा पहाड गाजले ते मुंबईच्या रस्त्यांवर. तिथे महत्त्व वेगाला, वेषांतराला आणि धाडसाला.

कोकणातली माणसे आम्हाला भेटली ती वेगळ्या पुस्तकांत. श्री. ना. पेंडसे यांची ‘गारंबीचा बापू’ १९५२ सालची. तिच्यात गुप्तहेर नाही. पण गाव एखाद्याला कसे तोलते, कसे बोल लावते, हे सारे आहे. आपल्याकडे रहस्य एका कपाटात राहिले आणि गाव दुसऱ्या.

इंग्रजीत या दोन्ही गोष्टी लवकर एकत्र आल्या. अगाथा ख्रिस्ती यांची पहिली मिस मार्पल कादंबरी १९३० सालची. खेड्यात विणकाम करत बसणारी ही वृद्धा माणसांच्या स्वभावावरून गुन्हा ओळखते. अ‍ॅन क्लीव्ह्ज यांची ‘रेव्हन ब्लॅक’ (२००६) स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवर घडते. एका मुलीचा खून होतो आणि सारे गाव एका एकाकी म्हाताऱ्याकडे बोट दाखवते. गुन्हेगाराइतकाच तिथे गावाचाही तपास होतो.

या कथांची ओढ इथेच आहे. किनाऱ्यावरच्या गावात परका माणूस लपत नाही. कोणाची होडी कोणत्या भरतीला निघाली, कोणाच्या खळ्यात रात्री कंदील होता, हे सर्वांना ठाऊक असते. ठाऊक असूनही कोणी बोलत नाही. भाऊबंदकी, कलमांची वाटणी, जुना अपमान हे सारे त्या गप्प राहण्यामागे असते. म्हणून ‘खून कोणी केला?’ यापेक्षा ‘सगळे गप्प का राहिले?’ हा प्रश्न वाचकाला धरून ठेवतो.

मराठीत गाव आणि गूढ घरोघरी एकत्र पोहोचले ते २०१६ मध्ये, ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेतून. अंधश्रद्धेचा आक्षेप तिच्यावर आला. पण सिंधुदुर्गातले नाईकांचे घर, अण्णा, माई, विसरभोळा पांडू आणि मालवणी बोली भोपाळच्या दिवाणखान्यातही आपली वाटली. भुताच्या भीतीपेक्षा घरातल्या माणसांनी एकमेकांपासून काय दडवले आहे, याचेच कुतूहल आम्हाला अधिक होते.

एक चूक मात्र आमचीच. बांधणी करून जपण्याच्या लायकीची नाहीत म्हणून आम्ही त्या छोट्या रहस्यकथा रद्दीत घातल्या. आमच्या आधीच्या पिढीला मराठी वाचायची गोडी लागली ती अनेकदा त्यांच्यामुळेच. कोणाच्या माळ्यावर एखादी उरली असेल, तर रद्दीवाल्याला देण्यापूर्वी ती नातवंडांना एकदा वाचून दाखवावी. लपवून वाचायची गरज आता उरलेली नाही.