नाटक मंडळीचे बिऱ्हाड आणि नटांचा स्नेह

मराठी संगीत रंगभूमीच्या इतिहासकारांनी प्रयोगांच्या तारखा व पदांच्या चाली काळजीपूर्वक नोंदविल्या. नटांच्या बिऱ्हाडाकडे मात्र त्यांचे लक्ष त्या मानाने थोडे गेले. वस्तुतः नाटक मंडळी हे एक फिरते एकत्र कुटुंबच होते. मुक्काम, पंगत आणि तालीम एकत्र असल्याने स्नेह व व्यवहार यांची सीमारेषा तेथे पुसट असे.

किर्लोस्कर नाटक मंडळीने १२ मार्च १९११ रोजी मुंबईस 'मानापमान' प्रथम रंगभूमीवर आणले. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान कन्या निवर्तली. तरीही ते भामिनीच्या वेषात उभे राहिले. हा प्रसंग कलानिष्ठेचा म्हणून सांगितला जातो आणि तो तसा आहेही. परंतु मुख्य नट न आल्यास साऱ्या बिऱ्हाडाची चूल अडे, हेही विसरता येत नाही.

१९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांनी भागीदारीत गंधर्व नाटक मंडळी स्थापिली. मैत्री हिशेबाच्या वहीत उतरली, ती तेथे फार काळ टिकली नाही. टेंबे लवकरच बाहेर पडले. बोडस राहिले, १९१९ च्या 'एकच प्याला'त सुधाकर त्यांचा, सिंधू बालगंधर्वांची. पुढे तेही भागीदारीतून निघाले.

याउलट 'ललितकलादर्श'चे केशवराव भोसले हे उघड प्रतिस्पर्धी. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत संयुक्त 'मानापमान' झाले, तेव्हा धैर्यधर केशवरावांचा व भामिनी बालगंधर्वांची होती. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, ४ ऑक्टोबर रोजी, वयाच्या ३१ व्या वर्षी केशवराव वारले.