इंग्रजी एक, बाजार अनेक!

नंदुरबार जिल्ह्यातील शहादा शहराला लागून असलेल्या लोणखेडा परिसरात भाषांची कधीच वानवा नव्हती. गुजरात आणि मध्य प्रदेश हाकेच्या अंतरावर असल्याने गुजराती व हिंदी कानावर पडतेच. शिवाय कुठे गुजरी, कुठे अहिराणी, तर सातपुड्याच्या बाजूला भिलोरी आणि पावरी. ‘आहे’ऐवजी ‘शे’ म्हणणारा अहिराणीभाषक विद्यार्थी शाळेत प्रमाण मराठी शिकतो आणि सन २००० पासून राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासूनच इंग्रजी सुरू झाल्याने, त्याच वयात इंग्रजीचीही मुळाक्षरे गिरवतो. मात्र ही इंग्रजी नेमकी कोणाची, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. लंडनची, न्यूयॉर्कची, सिडनीची की आपली? या परिसरातील शेतमालाचीच इंग्रजी नावे शोधू गेल्यास या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येते आणि गंमतही.

वांग्याची तीन नावे

खानदेशात भरताच्या वांग्याचे स्थान काय, हे सांगणे नलगे. याच वांग्याला भारतातील शालेय पुस्तक ‘ब्रिंजल’ म्हणते. हा शब्द घेऊन एखादा विद्यार्थी इंग्लंडमधील भाजीच्या दुकानात गेला, तर दुकानदार बुचकळ्यात पडण्याचाच संभव अधिक. कारण तेथे वांग्याला ‘ओबर्जिन’ म्हणतात. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात तेच ‘एगप्लांट’ होते. वांग्याचा आणि अंड्याचा संबंध काय, असे वाटेल. परंतु अठराव्या शतकात युरोपात वांग्याच्या ज्या जाती परिचित होत्या, त्यांतील काहींची फळे खरोखरच अंड्यासारखी पांढरी आणि लहान असत.

विशेष म्हणजे ‘ब्रिंजल’ आणि ‘ओबर्जिन’ हे वेगळे भासणारे शब्द एकाच कुळातले आहेत. भारतातील नाव फारसीत व तेथून अरबीत गेले. अरबीतून ते पोर्तुगीजांनी उचलले आणि भारतात परत आणले, तो ‘ब्रिंजल’. कॅटलान आणि फ्रेंच भाषांच्या वाटेने जो इंग्लंडला पोहोचला, तो ‘ओबर्जिन’. भाषाशास्त्रज्ञ या कुळाचा संबंध संस्कृत ‘वातिंगण’ या शब्दाशी लावतात. म्हणजे घरचेच वांगे जगप्रवास करून, नाव बदलून पुन्हा दारात आले!

पपई आणि तिचा अमेरिकी तोतया

शहादा तालुका पपईच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. इंग्रजीतील ‘पपाया’ हे नाव बहुतेक देशांत समजते. परंतु ऑस्ट्रेलियात पिवळ्या गराच्या पपईला ‘पॉपॉ’ आणि लालसर गराच्या पपईला ‘पपाया’ म्हणण्याचा प्रघात आहे. इंग्लंडमध्येही ‘पॉपॉ’ हा शब्द ऐकू येतो. अमेरिकेत मात्र ‘पॉपॉ’ मागितल्यास हाती वेगळेच फळ पडेल. तेथील पॉपॉ हे पूर्व अमेरिकेतील जंगलांत वाढणाऱ्या एका झाडाचे फळ असून त्याचे कूळ पपईचे नव्हे, तर सीताफळाचे आहे.

भेंडीची कथाही अशीच. भारतात तिला ‘लेडीज फिंगर’ म्हणतात. अमेरिकेत हा शब्द उच्चारल्यास भाजीऐवजी एक लांबट, हलके, गोड बिस्किट पुढ्यात येईल. भेंडी हवी असल्यास ‘ओक्रा’ म्हणावे लागेल. हा शब्द पश्चिम आफ्रिकेतील इग्बो भाषेतून आला आहे. आणि ‘बिस्किट’ म्हणजे तरी काय? ब्रिटन व भारतात ते कुरकुरीत. अमेरिकेत मात्र जेवणासोबत खाल्ला जाणारा मऊ, बिनगोड पाव म्हणजे ‘बिस्किट’. आपल्या बिस्किटाला तेथे ‘कुकी’ हे नाव आहे. तो चहात बुडवून खाण्याचा प्रकार नव्हे, एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

केळीच्या वेफर्सनेही असाच घोटाळा होतो. इंग्लंडमध्ये अशा पातळ, कुरकुरीत चकत्यांना ‘क्रिस्प्स’ म्हणतात, तर अमेरिकेत ‘चिप्स’. इंग्लंडमध्ये ‘चिप्स’ मागितल्यास बटाट्याच्या तळलेल्या जाड, गरम फोडी मिळतात, ज्यांना अमेरिकन ‘फ्राइज’ म्हणतो. ऑस्ट्रेलियन माणसाने मात्र भांडणच मिटवले आहे. तो दोहोंनाही ‘चिप्स’ म्हणतो.

मिरचीचा ठसका

नंदुरबारची मिरचीची बाजारपेठ सर्वश्रुत आहे. मिरचीचे इंग्रजी स्पेलिंग लिहिताना ‘एल’ एक की दोन, यावर ब्रिटिश आणि अमेरिकन यांचे एकमत नाही. ब्रिटिश दोन लिहितात, अमेरिकन एक. शिवाय अमेरिकेत ‘चिली’ म्हणजे मांस आणि मिरची घालून, पुष्कळदा घेवड्यासह शिजवलेला एक घट्ट रस्साही होय. ढोबळी मिरचीला भारत व ऑस्ट्रेलियात ‘कॅप्सिकम’, अमेरिकेत ‘बेल पेपर’ आणि इंग्लंडमध्ये नुसते ‘पेपर’ म्हणतात. ‘पेपर’ म्हणजे खरे तर मिरी. मिऱ्यांच्या शोधात निघालेल्या कोलंबसाच्या काळातील युरोपीयांनी अमेरिकेत सापडलेल्या या तिखट फळालाही तेच नाव दिले. या गफलतीला हसण्याचे मात्र कारण नाही. मराठीनेही ‘मिरी’वरूनच ‘मिरची’ घडवली.

मक्याच्या बाबतीत अमेरिकन ‘कॉर्न’ म्हणतो. ब्रिटिशांच्या जुन्या वापरात ‘कॉर्न’ म्हणजे त्या मुलखातील मुख्य धान्य: इंग्लंडमध्ये गहू, तर स्कॉटलंडमध्ये ओट. अमेरिकेत गेलेल्या इंग्रजांनी मक्याला ‘इंडियन कॉर्न’ म्हटले. त्यातील ‘इंडियन’ म्हणजे भारतीय नव्हे, तर अमेरिकेचे मूळ रहिवासी. पुढे विशेषण गळाले आणि ‘कॉर्न’ उरले.

‘कॉटन कँडी’ किती किलोची?

सर्वांत मोठी गंमत कापसाच्या बाजारात आहे. जत्रेत मिळणारे गुलाबी ‘म्हातारीचे केस’ अमेरिकेत ‘कॉटन कँडी’ म्हणून ओळखले जातात. ब्रिटनमध्ये ते ‘कँडीफ्लॉस’ आणि ऑस्ट्रेलियात ‘फेअरी फ्लॉस’, म्हणजे परीचा कापूस. भारतातील कापूस व्यापाऱ्याला मात्र ‘कॉटन’ आणि ‘कँडी’ हे शब्द एकत्र ऐकू आले, तर त्याच्या डोळ्यांपुढे सुमारे ३५६ किलो रुई उभी राहील. रुईचे घाऊक भाव आजही ‘कँडी’च्या मापाने सांगितले जातात आणि ही ‘कँडी’ म्हणजे आपली जुनी खंडीच होय. अमेरिकन मुलांची गोड ‘कँडी’ अरबी-फारसीच्या वाटेने संस्कृत ‘खंड’, म्हणजे खडीसाखर, या शब्दापर्यंत पोहोचते. एक मापाची, दुसरी साखरेची. पण दोन्ही कँडींचे माहेर भारतच.

इंग्रजीला महाराष्ट्राचे देणे

केवळ आपणच इंग्रजीकडून शब्द घेतले, असे नाही. ‘मंगूस’ हा इंग्रजी शब्द मराठी ‘मुंगूस’वरून आला. नाशिक जिल्ह्यातील देवळालीने तर ब्रिटिश इंग्रजीला एक अजब विशेषण दिले. मायदेशी परतणारे गोरे सैनिक देवळालीच्या छावणीत जहाजाची वाट पाहत महिनोन्‌महिने अडकून पडत. उकाडा, ताप आणि रिकामपण यांनी काहींचे डोके फिरे. त्यावरून वेड लागलेल्या माणसाला ‘डूलॅली’ म्हणण्याची रीत सैनिकांत रुजली. ब्रिटनमध्ये हा शब्द आजही ऐकू येतो. अमेरिकेत मात्र तो फारसा कोणाला ठाऊक नाही. ज्या बीबीसी विनोदी मालिकेची सुरुवात याच देवळालीत घडते, ती १९७४ ते १९८१ या काळात तेथे गाजली होती.

‘जिमखाना’ या शब्दाने तर अर्थच बदलला. मुंबईकराला जिमखाना म्हटले की क्लब आणि क्रिकेटचे मैदान आठवते. बॉम्बे जिमखाना १८७५ साली स्थापन झाला. महाविद्यालयात जिमखाना म्हणजे क्रीडा विभाग. इंग्लंडमध्ये मात्र जिमखाना म्हणजे मुलांच्या तट्टांवरील शर्यती व खेळ. अशा आंग्ल-भारतीय शब्दांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा भलाथोरला कोश यूल आणि बर्नेल या दोघांनी सिद्ध केला आणि तो १८८६ मध्ये प्रसिद्ध झाला.

क्रिकेटचेच पाहा. इंग्लंडमध्ये धावफलक आधी धावा व मग बळी असा सांगतात. ऑस्ट्रेलियात नेमके उलट. ‘२ बाद ५०’ म्हणणारे मराठी समालोचन या एका बाबतीत इंग्लंडला सोडून ऑस्ट्रेलियाच्या पंगतीला बसते.

स्पेलिंगचे राजकारण

हे भेद निव्वळ अपघाताने पडले नाहीत. सॅम्युअल जॉन्सन यांचा कोश १७५५ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला आणि ब्रिटिश स्पेलिंगला स्थैर्य आले. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर नोआ वेबस्टर यांना वाटले, की नव्या राष्ट्राचे स्पेलिंगही स्वतंत्र हवे. त्यांचा मोठा कोश १८२८ मध्ये निघाला. ‘कलर’मधील ‘यू’ त्यांनी गाळला, ‘सेंटर’ची शेवटची अक्षरे उलटवली. हे अमेरिकेने स्वीकारले. ‘टंग’ व ‘विमेन’ यांची स्पेलिंगे उच्चाराबरहुकूम लिहावीत, ही त्यांची सूचना मात्र लोकांनी नाकारली. लोकांच्या मनात असेल तेवढेच भाषेत टिकते, हे वेबस्टर यांनाही चुकले नाही.

भारताने ब्रिटिश स्पेलिंग ठेवले. पण भर आपल्या मनाची घातली. ‘पोस्टपोन’ आहे तर ‘प्रीपोन’ का नको, या सरळ तर्काने भारतीयांनी ‘प्रीपोन’ रूढ केला आणि पुढे इंग्रजी कोशांनी त्याला जागा दिली. इंग्रजीतील एकटा ‘कझिन’ चुलत, मामे, आते आणि मावस या साऱ्यांना एकाच गोणीत भरतो. निदान बहीण की भाऊ एवढे तरी कळावे म्हणून ‘कझिन ब्रदर’ आला. ‘मी कॉलेजातून पास आउट झालो’ हे वाक्य येथे अभिमानाने उच्चारले जाते. अमेरिकन श्रोत्याला मात्र बोलणारा कॉलेजात बेशुद्ध पडल्याचे कळते आणि तो प्रकृतीची चौकशी करतो.

हसण्यापलीकडे

काही ठिकाणी मात्र हा भेद हसण्यावारी नेता येत नाही. तापावर भारतात व ब्रिटनमध्ये ‘पॅरासिटामॉल’ म्हणून दिले जाणारे औषध अमेरिकेत ‘असेटामिनोफेन’ या नावाने मिळते. हे ठाऊक नसल्यास दोन वेगळी औषधे समजून तेच औषध दुप्पट घेतले जाण्याचा धोका असतो आणि त्याचा अतिरेक यकृताला घातक ठरतो. ३/४ ही तारीख भारतात ३ एप्रिल, तर अमेरिकेत ४ मार्च. भारत व ब्रिटनमध्ये पहिला मजला तळमजल्याच्या वर असतो. अमेरिकेत तळमजला हाच पहिला. दुसऱ्या महायुद्धातील एका बैठकीत ‘टेबल’ या क्रियापदावरून ब्रिटिश व अमेरिकन अधिकाऱ्यांत दीर्घ वाद झाल्याचे चर्चिल यांनी नमूद केले आहे. ब्रिटिशांच्या लेखी त्याचा अर्थ विषय चर्चेला घेणे, अमेरिकनांच्या लेखी तो बाजूला ठेवणे. दोन्ही पक्षांना विषय चर्चेला हवाच होता!

लोणखेड्यासारख्या ठिकाणच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने या साऱ्याचे मोल वेगळे आहे. पाठ्यपुस्तकातले ‘कलर’चे स्पेलिंग तो बिनचूक लिहितो आणि अमेरिकी इंग्रजीवर बेतलेला संगणक त्याखाली लाल रेघ ओढतो. मुलाखतीत ‘प्रीपोन’ म्हटले, की कोणीतरी हसते. आपली इंग्रजीच कच्ची, असा समज करून घेत तो पुढे तोंड उघडत नाही. वास्तविक ती लाल रेघ चुकीची नव्हे, वेगळ्या बाजारपेठेची खूण असते. अहिराणीतील ‘शे’ ही प्रमाण मराठीची बिघडलेली प्रत नाही. ती स्वतःची रीत असलेली बोली आहे. भारतीय इंग्रजीचेही तेच. कोठे कोणते रूप चालते, याचे भान हवे, न्यूनगंड नको. परीक्षेत आणि अर्जात एकच पद्धत शेवटपर्यंत पाळावी आणि परदेशी माल पाठवताना खोक्यावर त्या देशातले नाव लिहावे, एवढी व्यवहारबुद्धी पुरेशी आहे.

शेतकरी आपला माल चार बाजारांत नेतो, तेव्हा दर बाजाराचे माप विचारून घेतो. माप निराळे म्हणून तो आपल्या मालाला खोटा म्हणत नाही. इंग्रजी शब्दांच्या बाबतीतही हाच रिवाज ठेवला, तर ‘ब्रिंजल’ म्हणणाऱ्याला ‘ओबर्जिन’पुढे मान खाली घालण्याचे कारण उरणार नाही. अखेर भरीत दोहोंचेही सारखेच होते.